आईसाठी हँडिकॅप पार्किंगचं कार्ड, कॅलिफोर्नियात नक्की कुणाला मिळतं? (गुडघे, वय ७१)

पश्या_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. आम्ही फ्रीमाँटला राहतो, आई ग्रीन कार्डवर आता कायमची आमच्याकडे आलीये, वय ७१. दोन्ही गुडघ्यांतलं वंगण संपलंय असं पुण्यातच सांगितलं होतं, उजवा जास्त खराब आहे आणि इथले ऑर्थोपेडिक म्हणतायत की उजव्या गुडघ्याची वाटी बदलूया, तारीख अजून ठरायचीये. घरात ती ठीक असते, उभ्याने स्वयंपाक करते, खाली वर करते कठडा धरून, पण बाहेर गेलं की लॉटच्या टोकाला लावलेल्या गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत जाईस्तोवर मधे कुणाच्यातरी गाडीला टेकून थांबते. काठी घे म्हटलं की चिडते. शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या लॉटमध्ये काय हाल असतात ते बे एरियावाल्यांना सांगायला नको.

बायको म्हणाली हँडिकॅपचं निळं कार्ड काढूया, तर माझे प्रश्न असे की नुसत्या गुडघेदुखीवर देतात का, का व्हीलचेअरच लागते? आईच्या मैत्रिणीने भारतात यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं तेव्हा सिव्हिल सर्जनकडे जाऊन टक्केवारी काढून आणावी लागली होती, ४० टक्क्यांच्या वर वगैरे, तसं इथे काही असतं का? दुसरं म्हणजे गाड्या दोन्ही आमच्या नावावर आहेत, आई चालवत नाही, लायसन्स पण नाही, मग तिच्या नावाने मिळेल का आणि नंबर प्लेट घ्यायची का आरशाला अडकवायचं कार्ड? आणि ऑपरेशननंतर बरं वाटणारच आहे तर तात्पुरतं मागायचं का कायमचं?

शिवाय सगळ्यात मोठी अडचण आईच आहे. म्हणते "मला काय झालंय, मी चालतीये की, खऱ्या गरजूची जागा कशाला अडवायची". तिला काय सांगू?

स्मिता_सॅनहोजे

मी रिहॅबमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, हे फॉर्म रोज बघते, पण आधीच सांगते की त्यावर मी सही करू शकत नाही, आम्हाला तो अधिकार नाही. डॉक्टर, सर्जन, नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट यांची सही चालते, कायरोप्रॅक्टरची (मणक्यावर, सांध्यांवर हाताने उपचार करणारे) पण चालते, पायाचं दुखणं असेल तर पोडियाट्रिस्ट आणि डोळ्यांचं असेल तर ऑप्टोमेट्रिस्ट. सही करणाऱ्याला स्वतःचा लायसन्स नंबर लिहावा लागतो त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र फाइलीतच ठेवा, इथल्या डॉक्टरांना हिस्टरी सांगायला उपयोगी पडेल.

आता मुख्य प्रश्न. इथे टक्केवारी नाही, मेडिकल बोर्ड नाही, आणि वय हा निकषच नाही. ९० वर्षांचे आजोबा तुरुतुरु चालत असतील तर त्यांना मिळणार नाही आणि ३५ वर्षांच्या बाईला मिळेल. आजाराच्या नावापेक्षा तो आजार चालण्यावर काय परिणाम करतो ते बघतात. कॅलिफोर्नियाच्या फॉर्मवर (डीएमव्ही म्हणजे इथलं आरटीओ, त्यांचा रेग १९५) जे प्रकार दिलेत त्यात एका किंवा दोन्ही पायांचा वापर कमी झालेला किंवा गेलेला, दोन्ही हातांचा वापर गेलेला, हालचालीवर ठळक परिणाम करणारा निदान झालेला आजार, काठी वॉकर कॅलिपर अशा साधनाशिवाय हलता न येणं, हृदयविकार ठरावीक पायरीच्या पुढचा, फुप्फुसाचा आजार ठरावीक आकड्यांच्या खालचा, आणि नजर खूप कमी असणं हे सगळं येतं. म्हणजे व्हीलचेअर अजिबात लागत नाही. गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) जर तिला मधे मधे थांबायला लावत असेल तर तो "हालचालीवर परिणाम करणारा आजार" यात बसतो, ठरवणार अर्थातच डॉक्टर.

थांबण्यावरून आठवलं, फेडरल सरकारने १९९१ मध्ये सगळ्या राज्यांसाठी एक समान नियमावली काढली त्यात "न थांबता २०० फूट चालता येत नाही" असं वाक्य आहे, बऱ्याच राज्यांनी ते जसंच्या तसं उचललंय. आपल्या फॉर्मवर शब्द वेगळे आहेत पण डॉक्टरांच्या डोक्यात तो २०० फुटांचा आकडा असतोच. साधारण ६० मीटर. मोठ्या दुकानाच्या लॉटमध्ये मागच्या रांगेतून दारापर्यंत सहज त्याहून जास्त होतं, तेव्हा तू जे लिहिलंयस, कुणाच्या गाडीला टेकून थांबते, तेच डॉक्टरांना याच शब्दात सांग.

तात्पुरतं की कायमचं यावर नंतर लिहिते, पेशंट आलाय.

जुना_मिलपिटसकर

प्लेट की कार्ड याचं उत्तर सोपं आहे, तुमच्या केसमध्ये कार्डच. प्लेट गाडीला लागते आणि ती गाडी अपंग व्यक्तीच्या नावावर रजिस्टर असावी लागते, तुमच्या गाड्या तुमच्या नावावर आहेत तर प्लेटचा विषयच संपला. कार्ड माणसाच्या नावावर असतं, आई ज्या गाडीत बसेल त्या गाडीच्या आरशाला लावा, तुमची असो बायकोची असो उबर असो की भाड्याची. लायसन्स लागत नाही, गाडी चालवायलाच पाहिजे असंही नाही, दृष्टी गेलेल्या माणसाला पण मिळतं यावरूनच कळेल.

आमच्या वडिलांकडे दोन्ही होतं, ते स्वतः चालवायचे म्हणून प्लेट आणि दुसऱ्याच्या गाडीसाठी कार्ड. प्लेटचा फायदा एवढाच की कार्ड लावायचं विसरलं म्हणून तिकीट (दंडाची पावती) येत नाही आणि चोरीला जायची भीती कमी. प्लेटला वेगळी जास्तीची फी नाही, रजिस्ट्रेशनचे नेहमीचे पैसे भरावेच लागतात. कायमचं कार्ड फुकट आहे, तात्पुरत्याला ६ डॉलर.

आणि हो गाडी चालवताना कार्ड आरशावरून काढून ठेवायचं, नजरेच्या आड येतं म्हणून ते नियमात पण आहे, पार्क केल्यावरच लटकवायचं. सोबत एक ओळखीची पावती येते ती आईच्या पर्समध्ये ठेवा, पोलीस मागू शकतो.

ओळख म्हणून आईचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख यांचा पुरावा मागतात, २०१७ च्या कायद्यानंतर हे कडक झालंय. तिचं कॅलिफोर्निया आयडी अजून काढलं नसेल तर आधी ते काढा, ६२ च्या पुढच्यांना ते फुकट मिळतं. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं, कुठे आहे कुठे नाही, आडनाव दोन स्पेलिंगने, त्यात फॉर्म परत येतात.

नेहा_के

इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझ्या सासऱ्यांची बायपास झालीये, ते पण ग्रीन कार्डवर इकडेच आहेत. बायपास म्हणजे आपोआप मिळतं असं मंडळात कुणीतरी म्हणालं, खरंय का?

विक्या_सनीवेल

मंडळात लोक काय वाट्टेल ते सांगतात. बायपास झालेले माझे काका रोज सकाळी चार मैल चालतात, त्यांना निळं कार्ड कशाला.

मला या सगळ्या विषयावर एक बोलायचंय म्हणून बोलतो, राग आला तर येऊ दे. आपल्याच लोकांत बघितलंय, आई वडील सहा महिन्यांसाठी भारतात गेलेत आणि कार्ड इथे मुलाच्या गाडीला लटकतंय, पठ्ठ्या ऑफिसच्या दारात पार्किंग मीटरचे पैसे न भरता गाडी लावून आत. हा गुन्हा आहे, चूक वगैरे नाही, मिसडिमीनर. २५० ते १००० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, कार्ड जप्त होतं ते वेगळंच, म्हणजे आई परत आल्यावर तिलाच त्रास. डीएमव्हीचे इन्व्हेस्टिगेटर साध्या कपड्यात मॉलमध्ये स्टेडियमबाहेर उभे राहून कार्ड तपासतात. आणि ग्रीन कार्डवाल्याने सिटिझनशिपच्या तोंडावर असलं क्रिमिनल लफडं अंगावर घ्यायचं का हा विचार तरी करा.

२०१७ मध्ये राज्याच्या ऑडिटरने डीएमव्हीचं रेकॉर्ड तपासलं तर वयाची शंभरी ओलांडलेल्यांच्या नावावर चालू असलेली कार्डं इतकी निघाली की राज्यात तेवढे शंभरीतले लोकच नाहीत. म्हणजे माणूस गेला तरी कार्ड फिरतंय. कायद्याने ६० दिवसांत परत करायचं असतं. त्यानंतरच नियम बदलले, आधी कायमचं कार्ड आपोआप घरी येत राहायचं, आता सहा वर्षांनी एकदा सही करून कळवावं लागतं की मी आहे आणि मला अजून गरज आहे.

स्मिता_सॅनहोजे

विक्याचा सूर जाऊ दे पण मुद्दे बरोबर आहेत.

नेहा, बायपास झाली म्हणून आपोआप मिळत नाही. हृदयाच्या बाबतीत फॉर्मवर क्लास तीन किंवा चार असं आहे. क्लास एक म्हणजे रोजच्या कामात काही त्रास नाही, दोन म्हणजे जिना चढताना थोडी धाप, तीन म्हणजे बसलेलं असताना बरं वाटतं पण साध्या हालचालीने, अगदी खोलीतून खोलीत जाताना, दम लागतो छातीत दुखतं, चार म्हणजे बसल्या जागी पण त्रास. बायपास चांगली झाली की पेशंट बहुतेक वेळा एक दोनमध्ये येतात, तो आनंदाचाच भाग आहे. पहिले काही आठवडे छातीचं हाड जुळेपर्यंत तात्पुरतं कार्ड डॉक्टर देऊ शकतात. सासऱ्यांचं हार्ट फेल्युअर असेल, पंपिंग कमी असेल तर कार्डिओलॉजिस्टला सरळ विचार "ते कुठल्या क्लासमध्ये येतात", फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

फुप्फुसाचंही तसंच आकड्यात आहे. जोरात फुंकर मारायच्या टेस्टमध्ये पहिल्या सेकंदाला एक लिटरपेक्षा कमी हवा, किंवा रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली, तोही विश्रांतीत आणि साध्या हवेत. बोटाला चिमटा लावून जो ९४-९५ दिसतो तो आकडा वेगळा, दोन्हीत गल्लत करू नका, कोविडनंतर प्रत्येकाच्या घरात तो चिमटा आहे आणि प्रत्येकजण डॉक्टर झालाय.

आता पश्या, तुझं तात्पुरतं आणि कायमचं. तात्पुरतं कार्ड लाल असतं, जास्तीत जास्त १८० दिवस किंवा डॉक्टर लिहितील ती तारीख, जे आधी येईल ते. लागोपाठ सहा वेळाच रिन्यू होतं आणि दर वेळी डॉक्टरची सही नव्याने. कायमचं निळं, ते दर विषम वर्षाच्या ३० जूनला संपतं, मग तुम्ही ते मे महिन्यात काढलं असेल तरी. त्यामुळे जूनच्या आसपास नव्या कार्डाचं पाकीट येतं (विक्या म्हणाला ती सही सहा वर्षांनी एकदाच) ते जंक मेल समजून फेकू नका, आणि पत्ता बदलला की डीएमव्हीला कळवा, कारण कार्डं पोस्टाने घरी येतात.

तुझ्या आईच्या बाबतीत मला वाटतं नुसतं ऑपरेशनपुरतं लाल मागण्याआधी डॉक्टरांशी एकदा नीट बोल. उजवा गुडघा बदलला तरी डावा आहेच ना, तो पण खराब आहे असं तूच लिहिलंयस. पुष्कळदा असं होतं की पहिला गुडघा सुधारला की चालणं वाढतं आणि दुसरा ओरडायला लागतो. डॉक्टर म्हणाले की दोन्ही मिळून हे कायमस्वरूपी आहे तर निळं, आणि म्हणाले की आधी उजवा करू मग बघू तर लाल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. लाल कार्डावर पार्किंगच्या सवलती त्याच मिळतात.

पश्या_फ्रीमाँट

भारी माहिती, सगळ्यांना थँक्यू. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. पण माझी आई डॉक्टरसमोर गेली की एकदम ठणठणीत होते हो!! "हाउ आर यू" म्हटलं की "फाइन फाइन, नो प्रॉब्लेम" आणि उठून ताठ चालून दाखवते. घरी आल्यावर मग कण्हत बसते. याला काय करायचं.

अजून एक, आई गाडीतच बसून राहिली आणि मी पटकन आत जाऊन दूध घेऊन आलो तर त्या जागेवर लावलेलं चालतं का?

स्मिता_सॅनहोजे

हाहा हे सगळ्यांच्या आयांचं आहे. आपल्याकडे डॉक्टरांपुढे रडगाणं गायचं नाही असं शिकवलंय त्या पिढीला, आणि इथला डॉक्टर बिचारा जे दिसतं आणि जे ऐकतो तेच लिहितो. "दुखतं का" विचारलं तर ती "थोडं" म्हणणार. म्हणून दुखण्यावर बोलूच नका, चालण्यावर बोला. लॉटमधून दारापर्यंत किती वेळा थांबते, दुकानात गेली की ट्रॉली धरल्याशिवाय चालते का (ट्रॉली म्हणजे चाकं लावलेला वॉकरच असतो, कित्येकजण तेवढ्यासाठी घेतात), फुटपाथची पायरी चढताना कुणाचा हात लागतो का, दिवसभर बाहेर फिरलं तर दुसऱ्या दिवशी काय अवस्था असते. हे घरी एका कागदावर लिहून ने. आणि आईला मराठीतच उत्तर द्यायला सांग, दुभाषी फुकट मागता येतो, फोनवर मराठीचा पण मिळतो बऱ्याच ठिकाणी, मुलाने भाषांतर केलं की आया मुलासाठी गोड करून सांगतात.

फॉर्मचा डॉक्टरचा भाग डॉक्टरनेच भरायचा, तू घरी भरून नेऊ नकोस. निदान वाचता येईल असं लिहायला सांग, नुसतं "पेन" लिहिलं तर फॉर्म परत यायची शक्यता असते, "दोन्ही गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, त्यामुळे चालण्यावर मर्यादा" असं स्पष्ट पाहिजे. एमआरआय, एक्स-रे काही जोडायचं नाही. मग पोस्टाने किंवा डीएमव्हीत अपॉइंटमेंट घेऊन द्या. ज्यांचा पाय किंवा दोन्ही हात नाहीत त्यांना डॉक्टरची सही पण लागत नाही, डीएमव्हीचा माणूस समोर बघून खात्री करू शकतो, पण तुमच्या केसमध्ये लागेल.

जुना_मिलपिटसकर

दूध आणायच्या प्रश्नाला. आई गाडीत आहे म्हणजे कार्डाचा वापर कायद्यात बसतो, पोलीस काही करणार नाही. पण ती उतरणारच नाहीये तर ती जागा कशाला अडवायची, साध्या जागेवर लावा आणि पळत जाऊन या. विशेषतः व्हॅनची जागा असते ना, बाजूला तिरके पट्टे मारलेली, तिथे व्हीलचेअरचा रॅम्प उघडतो. त्या पट्ट्यांवर तर कार्ड असलं तरी गाडी लावता येत नाही कुणालाच, आणि आपले लोक "दोनच मिनिटं" म्हणून तिथेच घालतात. माझ्या शेजारच्या मुलाला त्यामुळे त्याच्या व्हॅनमध्ये परत शिरता आलं नव्हतं, गाडीवाला येईपर्यंत उन्हात बसून होता.

एडिसनकाका

आम्ही न्यू जर्सीवाले, पण कुणी ईस्ट कोस्टवरून शोधत इथे आलं तर कामाला येईल म्हणून टाकतो. तत्त्व तेच, नियम राज्याराज्यात वेगळे. आमच्याकडे तात्पुरतं कार्ड मोटर व्हेईकलवाले देत नाहीत, आपल्या गावच्या पोलीस स्टेशनमध्ये मिळतं, ४ डॉलर, सहा महिने. कायमच्याला दर तीन वर्षांनी डॉक्टरकडून परत सर्टिफाय करून घ्यावं लागतं. हिच्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच गेलो होतो टाऊनच्या पोलिसांकडे, काउंटरवरची बाई फार चांगली होती.

बाहेरच्या राज्यातलं कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं, हँडिकॅपच्या खुणेच्या जागेवर लावायला काही अडचण नाही. पण मीटरचा फुकटपणा चालतो असं धरून चालू नका. न्यूयॉर्क सिटीत रस्त्यावर लावायचं असेल तर सिटीचं स्वतःचं वेगळं परमिट असतं, आमचं जर्सीचं कार्ड मॅनहॅटनच्या रस्त्यावर दाखवलं तर मीटर भरावाच लागतो, गराजमधल्या आणि मॉलमधल्या राखीव जागांवर मात्र चालतं. शिकागोकडे २०१४ पासून मीटर माफ हवा असेल तर पिवळ्या करड्या पट्ट्यांचं खास कार्ड लागतं, साध्या कार्डाने जागा मिळते पण मीटर माफ नाही. बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) अधिवेशनाला वगैरे गाडीने जाणाऱ्यांनी आधी त्या शहराचं बघून घ्यावं.

विमानाने कुठे जाणार असाल तर कार्ड बॅगेत घेऊन जा, तिथल्या रेंटल कारला लावता येतं. सुनबाई एअरपोर्टवर सोडायला आली आणि कार्ड तिच्याच गाडीत राहिलं असं आमच्या मित्राकडे झालंय.

विक्या_सनीवेल

काका कॅलिफोर्नियात त्यावर सोय आहे, ट्रॅव्हल प्लॅकार्ड म्हणून मिळतं, ज्याच्याकडे आधीच कायमचं कार्ड किंवा प्लेट आहे त्याला, राज्यातल्या रहिवाशाला ३० दिवसांसाठी. बाहेरून कॅलिफोर्नियात येणाऱ्याला ९० दिवसांचं.

नेहा_के

स्मिताताई थँक यू, कार्डिओलॉजिस्टना पोर्टलवर मेसेज टाकला होता, त्यांनी क्लास दोन सांगितलं. सासरे खूश झाले, म्हणाले मला कार्ड नको आता मी लांबच पार्क करायला सांगणार.

मावशी_पालोआल्टो

पश्या, मी ७८ वर्षांची आहे आणि माझ्याकडे निळं कार्ड आहे, म्हणून तुझ्या आईसाठी लिहिते, तिला वाचून दाखव.

अगं, मी पण अशीच म्हणायचे. गरजूची जागा कशाला, मी चालते ना. मग माझी लेक मला मागच्या रांगेत गाडी लावून चालवत न्यायची आणि मी हळूहळू बाहेर जाणंच बंद केलं. देवळात नको, भिशीला नको, गणपतीला मंडळाच्या हॉलपाशी पार्किंग मिळत नाही म्हणून नको. कुणी विचारलं तर सांगायचे कंटाळा आला. कंटाळा कसला, चालायची भीती वाटायची. ती जागा ज्यांना लागते त्यांच्यात आपण आहोत का हे डॉक्टरने ठरवायचं असतं, आपण स्वतः स्वतःला नापास करून घरी कशाला बसायचं? डॉक्टर नाही म्हणाला तर विषय संपला, हो म्हणाला तर तू कुणाची अडवत नाहीस, ती तुझीपण आहे. आणि ज्या दिवशी गुडघे बरे असतील त्या दिवशी साध्या जागेवर लाव की, कार्ड असलं म्हणून रोज वापरलंच पाहिजे असं कुठे आहे.

एक मात्र तयारी ठेव. मी साडी नेसून, पावडर लावून, ताठ गाडीतून उतरले की लोक बघतात. एकदा एका बाईने तोंडावर विचारलं की तुम्ही तर धडधाकट दिसता. मला संधिवात आहे तो काय साडीवरून दिसणार आहे? मी कार्डाकडे बोट दाखवलं आणि चालायला लागले. भांडत बसायचं नाही, सगळ्यांना आपला आजार समजावून सांगायची आपल्यावर सक्ती नाही.

पोरांना माहीत नसतं म्हणून सांगते, या कार्डावर हिरव्या कडेच्या फुटपाथपाशी, जिथे इतरांना ठरावीक मिनिटंच लावता येतं, तिथे आपण हवा तेवढा वेळ लावू शकतो, रस्त्यावरचा मीटर भरावा लागत नाही, आणि रहिवाशांच्या परमिटच्या गल्लीत पण लावता येतं, लेकीच्या मैत्रिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोत जाताना त्याचा फार उपयोग होतो. लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या कडेला मात्र नाही. झाडू मारायच्या वेळेला रस्त्यावर गाडी ठेवली तर कार्ड असूनही तिकीट येतं. आणि खाजगी गराज, एअरपोर्ट, तिथले पैसे द्यावेच लागतात, जागा तेवढी जवळची मिळते.

पश्या_फ्रीमाँट

मावशी वाचून दाखवलं. आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली "या बाईंचा फोन नंबर आहे का". इथे नंबर टाकता येत नाही म्हणून मेसेज करतो तुम्हाला. डॉक्टरकडे यायला तयार आहे. कागदावर स्वतःच लिहायला बसलीये, आत्तापर्यंत "जिना उतरताना" एवढंच झालंय आणि "उतरताना" खोडून "चढताना आणि उतरताना" केलंय.

ता. क. आई योसेमिटी योसेमिटी करतीये आल्यापासून. कार्ड मिळालं तर तिथे काही फरक पडतो का?

मावशी_पालोआल्टो

पडतो तर. मिरर लेककडे जाणारा रस्ता एरवी खाजगी गाड्यांना बंद असतो, हे कार्ड लावलेलं असेल तर गाडी हळू आतपर्यंत नेता येते, आम्ही गेलोय. मेसेज कर, मी दुपारी मोकळी असते.

स्मिता_सॅनहोजे

आणि नॅशनल पार्कचा ॲक्सेस पास बघ, कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्या सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांना आयुष्यभरासाठी फुकट असतो. फक्त त्याला हे पार्किंगचं कार्ड पुरावा म्हणून चालत नाही, डॉक्टरांचं वेगळं पत्र लागतं, तेव्हा जाशील तेव्हा एकाच फेरीत डॉक्टरांकडून तेही मागून घे. ऑपरेशन आधी असेल तर योसेमिटी वसंतापर्यंत पुढे ढकला, बर्फात नवा गुडघा घेऊन नको.